काट्यावरचा हलता आकडा

काटा बिघडला आहे, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

पार्सल कंपनीच्या माल स्वीकारायच्या खिडकीपाशी जमिनीत बसवलेला तो मोठा काटा एरवी गरीब गायीसारखा होता. खोका ठेवला की आकडे जरा धावायचे, थांबायचे, बाजूच्या यंत्रातून वजनाची चिठ्ठी बाहेर यायची आणि खोका पुढे जायचा. पण मधूनच एखादा खोका असा यायचा की शेवटचा आकडा थांबायलाच तयार नसायचा. चार, पाच, चार, सहा. आकडा थांबल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, चिठ्ठी निघाल्याशिवाय खोका हलत नाही, आणि मागे टेम्पोवाले भोंगे वाजवायला लागतात. मग काटे दुरुस्त करणाऱ्याला फोन जायचा. तो यायचा, काट्याशेजारी आडवा व्हायचा, अंगाला धूळ माखून उठायचा आणि काटा ठणठणीत आहे असं सांगून बिल ठेवून जायचा. एका खेपेला त्याने एक पिवळं बटण दाखवलं. ते दाबलं की आकडा असेल तिथे गोठतो. "फारच नाचायला लागला तर दाबा," तो म्हणाला. तेव्हापासून सगळे बिनदिक्कत दाबायला लागले. दुखणं खोक्यात आणि औषध काट्याला, असा तो कारभार होता.

त्या काट्यावर जी बसायची तिला घरात धाकटी म्हणत आणि कामावर काटेवाल्या बाई. हे दुसरं नाव मुकादमाने ठेवलेलं. मुकादम म्हणजे हमालांवरचा माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही एकदा वजन सांगितलं की साक्षात देवानेसुद्धा वाद घालू नये." ते खरंही होतं. धाकटीला उगाच कुणावर संशय घ्यायची सवय नव्हती, पण डोळ्यांना दिसलं ते न दिसल्यासारखं करणंही तिला जमत नसे. असल्या माणसांचं जगात फारसं भलं होत नाही, पण काट्यावर बसवायला ती बरी असतात.

तिची थोरली बहीण त्याच कंपनीत, वरच्या मजल्यावर. ग्राहक विभागाची प्रमुख. वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती आणि ताई नुकती कामाला लागलेली. ताईने घर उचललं, आईचं दुखणं काढलं, धाकटीचं शिक्षण केलं, आणि पुढे ओळख लावून तिला खाली काट्यावर चिकटवलंही. स्वतः लग्न केलं नाही. का नाही, हे त्या घरात कुणी विचारत नसे. धाकटीच्या लेखी ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चप्पल तुटली, कुणी टोचून बोललं, बसमध्ये कुणी धक्का मारला, काहीही असो, संध्याकाळी स्वयंपाकघरात ताईच्या कानावर घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

अशात कंपनीला चांगुलपणाचा झटका आला. कंपन्यांना असे झटके बहुधा वरून आलेल्या पत्रामुळे येतात. वनखात्याने सगळ्या वाहतूक कंपन्यांना बोलावलं होतं. जहाजवाल्यांनी सह्या केल्या, विमानवाल्यांनी केल्या, मग कंपनीचे मोठे साहेब मागे राहतात कसे? वन्यप्राण्यांच्या चोरट्या व्यापाराला आपल्या गाड्यांत जागा नाही, अशी शपथ झाली, दारावर वाघ, पोपट आणि कासवाचा फलक लागला, आणि साहेबांनी धाकटीला वर बोलावून 'वन्यजीव रक्षण अधिकारी' नेमून टाकलं. पगार होता तोच. वर एक बिल्ला.

"लष्कराच्या भाकऱ्या," मुकादम म्हणाला. "भाजा आता."

हिशेब विभागातल्या बायका कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणाल्या, तेही तिच्या कानावर येईल इतक्या जोरात. पण ताईने जिन्यातच तिला थांबवून बिल्ला सरळ केला होता आणि म्हणाली होती, "शोभतो गं तुला." एवढं धाकटीला पुरेसं होतं.

शिकवायला वनखात्याच्या एक अधिकारी बाई आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्या म्हणाल्या, "चोरांकडे स्वतःचे ट्रक नसतात, विमानं नसतात. ते तुमचीच वापरतात, आणि भाडंसुद्धा वेळेवर देतात. आम्ही जंगलात राखण करतो, पण जनावर रस्त्याला लागलं की ते तुमच्या हातात असतं." मग खोके कसे ओळखायचे ते सांगताना त्या सहज बोलून गेल्या, की जिवंत वस्तू फार वेळ स्वस्थ बसत नाही.

धाकटीच्या कानशिलात गरम झालं. तिला पिवळं बटण आठवलं.

संध्याकाळी तिने ते ताईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाला. मग दोघांनी मिळून त्या बटणावर चिकटपट्टी लावली. आता आकडा नाचला तर नाचू द्यायचा, खोका हळूच बाजूला घ्यायचा आणि वर कळवायचं. कंपनीने नियमच केला होता: संशयित माल आढळला तर आधी ग्राहक विभागाला सांगायचं, ग्राहक विभाग वनखात्याला सांगेल. धाकटीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ग्राहक विभाग म्हणजे ताई, आणि ताईला तर ती न विचारताही सांगत होती.

पहिला खोका लवकरच सापडला. वर लिहिलं होतं, चिनी मातीच्या कुंड्या. आत कुंड्याच होत्या, आणि प्रत्येक कुंडीत पायमोज्यात गुंडाळलेली कासवं. लहान मुलाच्या मुठीएवढी, पाठीवर पिवळ्या रेघांची नक्षी. मुकादमाने एक तळहातावर घेतलं. बराच वेळ ते दगडासारखं पडून राहिलं आणि मग त्याने डोकं बाहेर काढून मुकादमाकडे पाहिलं.

"इतके दिवस आपण यांना बटण दाबून पाठवत होतो," मुकादम म्हणाला. त्या दिवशी तो कुणावर ओरडला नाही.

पाठवणाऱ्याचं नाव खोटं निघालं, पत्ता तर एका बंद पेट्रोल पंपाचा. पण कासवं वाचली, साहेबांचा फोटो छापून आला, आणि धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण नुसती वजनं करत नाही. काही आठवड्यांनी दुसरा खोका सापडला. पुन्हा कुंड्या, पुन्हा वेगळं नाव. पण या खेपेला तिच्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली. खोक्याला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीची टोकं सगळे कात्रीने कापतात. या दोन्ही खोक्यांवर ती लायटरने जाळून दाबलेली होती, बोटाला टोचू नयेत म्हणून. असं करणारं गिऱ्हाईक तिच्या माहितीत एकच होतं.

तो कुंड्यांचा मोठा व्यापारी. सगळे त्याला शेठ म्हणत. गोड बोलणारा, दाराशी आला तर हमालालाही 'कसं काय' विचारणारा. कंपनीच्या गाड्या निम्म्या त्याच्या मालाने भरायच्या, आणि तो माल कंपनीत आणला होता ताईने. वर्षभर त्याच्या मागे लागून, तोंडाला फेस येईपर्यंत. शेठमुळे ताई प्रमुख झाली असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून धाकटी दोन दिवस घुटमळली. मग एका संध्याकाळी ताई भांडी घासत होती आणि ही पुसत होती, तेव्हा बोलली.

"ताई, मला वाटतं तो माल तुझ्या शेठचा आहे."

ताईने नळ बंद केला नाही. "कशावरून?"

धाकटीने पट्टीचं सांगितलं. ताई ऐकत राहिली, एकच पातेलं परत परत विसळत राहिली.

"कुणाला बोललीस?"

"तुलाच पहिलं."

"मग थोडे दिवस पोटात ठेव. नुसत्या जळक्या पट्टीवर एवढ्या मोठ्या माणसाचं नाव घेतलंस, तर तो सुटेल आणि आपण दोघी रस्त्यावर येऊ. पुरावा हातात येऊ दे, मग मी स्वतः त्या बाईंना फोन करते."

यात चुकीचं काय होतं? धाकटीला उलट हलकं वाटलं. बाहेर आई टीव्हीसमोर डुलक्या काढत होती. धाकटीने भांडी जागेवर लावली आणि निवांत झोपली.

पुढच्याच महिन्यात ताईला एक कल्पना सुचली. कंपनीने शपथ घेतली तेवढ्याने काय होतं, ज्यांचा माल जातो त्यांनाही यात ओढायला हवं. बड्या ग्राहकांना बोलावू, त्यांना खोके कसे ओळखतात ते दाखवू, वनखात्याच्या बाईही येतील. साहेब खूश झाले. "आणि बोलणार तू," ताई धाकटीला म्हणाली. "भीती कसली? मी आहे ना समोर."

धाकटीने इस्त्रीचे कपडे घातले. सभागृहात चाळीसएक माणसं होती, आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, शेठ. ती जरा चपापली. पण ताई बाजूला उभी होती, तिने डोळ्यांनीच चालू दे म्हटलं. धाकटीला वाटलं, त्यालाही ऐकू दे, म्हणजे धाक बसेल. ती खोट्या पत्त्यांबद्दल बोलली, वासाबद्दल बोलली, हवेसाठी खोक्याला पाडलेल्या भोकांबद्दल बोलली. संपवणार तेवढ्यात ताई म्हणाली, "काट्याची गंमत सांग ना. ती सगळ्यांना आवडेल."

आणि धाकटीने सांगितली. नाचणारा आकडा, काटेदुरुस्तीवाला, पिवळं बटण. लोक हसले. आपलीच फजिती तिने अशी रंगवून सांगितली की वनखात्याच्या बाईही हसल्या. मग शेठने शाळकरी मुलासारखा हात वर केला.

"पण बाई, आकडा कायमच हलतो का?"

"जनावराला ऊब असेल तोवर," धाकटी म्हणाली. "गारठ्यात कासवं निपचित पडतात. तेव्हा काटासुद्धा फसेल."

"अरेरे," शेठ म्हणाला, आणि मान डोलावली.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणतात. इथे तर धाकटीने किल्ली दिली, कुलूप दाखवलं, वर टाळ्याही घेतल्या. घरी जाताना ताईने तिला आइस्क्रीम खाऊ घातलं.

त्यानंतर काटा शहाण्यासारखा वागायला लागला. एकही आकडा नाचला नाही. मुकादम म्हणाला, "घाबरले चोर. तुमच्या भाषणाचा गुण." धाकटीलाही तसंच वाटलं, किंवा वाटून घ्यावंसं वाटलं. मग एके दिवशी सकाळी वनखात्याच्या बाई न कळवता आल्या. त्यांच्या हातात एक कुंडी होती आणि वजनाची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर धाकटीची आद्याक्षरं.

"तिकडे बंदरावर खोका ओलसर लागला म्हणून उघडला," त्या म्हणाल्या. "कुंड्यांच्या मधल्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. काही वितळल्या होत्या, काही फुटल्या होत्या. आतलं एकही जिवंत नव्हतं."

धाकटीने कुंडीत पाहिलं. मोजा अजून आत होता, रिकामा.

"तुमच्या काट्यावरून कसा सुटला?"

"आकडा थांबला होता."

"हो ना." बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "कुणीतरी त्यांना शिकवलंय."

धाकटीने चिठ्ठीवरची आपली अक्षरं पुन्हा वाचली. त्या दिवशी तिने काट्यावर बसून काम केलं, पण कुठल्याच खोक्याला हात लावताना तिला धीर होईना. शिकवलं कुणी? मीच. भर सभेत, हातवारे करून. संध्याकाळी ती ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ताई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस का? चांगल्या मनाने सांगितलंस. लोक वाईट, त्याला तू काय करणार?" आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि काय झालं म्हणून विचारलं, तर ताईनेच परस्पर सांगितलं, कामाचा ताण आहे. किती सांभाळून घेते ही आपल्याला, असं तेव्हा धाकटीच्या मनात आलं होतं. हे पुढे आठवलं की तिला स्वतःचीच चीड यायची.

कारण दोन दिवसांनी शेठ आला. एरवी माल टेम्पोवाला आणायचा, पण त्या दिवशी शेठ स्वतः खिडकीशी उभा राहिला. आधी मुकादमाला 'कसं काय' झालं. मग धाकटीकडे वळून अगदी घरच्यासारखं हसला.

"बाई, बघा बरं, आता ठीक आहे का?" त्याने आपल्या खोक्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. टोकं कात्रीने कापलेली होती. "पोरांना सांगून ठेवलंय मी, टोकं जाळायची नाहीत म्हणून. ताई म्हणाल्या, तुम्हाला ते खटकतं. आपलं माणूस नाराज कशाला ठेवा?"

खोका काट्यावर चढला, आकडा थांबला, चिठ्ठी निघाली. शेठ निघून गेला.

ती गोष्ट धाकटी फक्त एका ठिकाणी बोलली होती. वाहत्या नळापाशी. मुकादमालासुद्धा नाही, वनखात्याच्या बाईंनासुद्धा नाही. तिने आणखी कुणाला सांगितलं असेल का, हे आठवायचा प्रयत्न केला, खूप केला. कुणीतरी सापडावं, कुणीही, असं तिला वाटत होतं. कुणी सापडलं नाही. मग एकेक गोष्ट आपोआप पुढे येऊन उभी राहिली. पोटात ठेव, म्हणाली ती. सभा भरवू, म्हणाली ती. पहिल्या रांगेतली ती खुर्ची. काट्याची गंमत सांग ना, म्हणाली तीसुद्धा तीच. केसाने गळा कापणं हे धाकटीने आजवर फक्त ऐकलं होतं. ते इतकं हळू असतं, आणि कापणाऱ्याचा हात इतका ओळखीचा असतो, हे तिला माहीत नव्हतं.

घरी जेवताना ताईने विचारलं, "आज गप्प का?"

"डोकं दुखतंय."

ताईशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. ताई उठली, कपाटातून बाम आणला आणि तिच्या कपाळाला चोळायला लागली, अंगठ्याने, भुवईपासून कानापर्यंत, तापात चोळायची तसा. धाकटी डोळे मिटून बसली. तो हात झटकून टाकावा असं तिला वाटत होतं, आणि तो थांबूच नये असंही वाटत होतं. आई कौतुकाने म्हणाली, "तुम्ही दोघी आहात म्हणून मला काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर पोचण्याआधी रस्त्यातच तिने वनखात्याच्या बाईंना फोन लावला. नियम सोडून, थेट. शेठचं नाव घेतलं. कशावरून, ते सांगितलं, शेठने आता टोकं कापून आणून दाखवली तेही सांगितलं. पट्टीची गोष्ट शेठच्या कानावर कशी गेली, ते मात्र सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, "नुसत्या संशयावर खोका उघडला आणि आत कुंड्याच निघाल्या, तर तो पुन्हा हाती लागणार नाही. जिवंत माल असल्याची खात्री पटली की कळवा. आम्ही जवळच थांबतो."

खात्री कशी पटायची, हे धाकटीला ठाऊक होतं. गारठ्याने जे थांबतं ते उबेने सुरू होतं. तिने मुकादमाला सांगितलं, खिडकीपाशी फरशी धुवायची आहे, दुपारपर्यंत कुंड्यांचे सगळे खोके बाहेर मालाच्या ओट्यावर ठेवा. ओट्यावर ऊन असं की उभं राहवत नसे. मुकादमाने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा कोरड्या लख्ख फरशीकडे पाहिलं, आणि बादली मागवली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तिने एक दिवस केलं नाही, रोज केलं. रोज खोके उन्हात, रोज दुपारी पुन्हा काट्यावर. आकडे थांबत होते. कुंड्याच होत्या नुसत्या. फरशी मात्र इतकी स्वच्छ झाली की साहेबांनी शाबासकी दिली. घरी ताईशी ती भाजीच्या भावाबद्दल बोलायची, आईच्या गुडघ्याबद्दल बोलायची, आणि कामाचं निघालं की जांभई द्यायची.

मग एका दुपारी शेठच्याच टेम्पोतून आलेला एक खोका दुसऱ्यांदा काट्यावर चढला आणि आकडे धावले, मंदावले. तीन. तीन. तीन. चार. तीन. पाच.

मुकादमाने हातातली बादली खाली ठेवली. धाकटीने फोन उचलला.

बाई आल्या त्या चार माणसं घेऊन. टेम्पोवाला पलीकडे चहा पीत होता, त्याला तिथेच धरलं. शेठच्या गोदामाकडे दुसरी गाडी गेली. खोका सगळ्यांसमोर उघडला. बाटल्यांतला बर्फ वितळून पाणी झालं होतं. मोज्यांमध्ये हालचाल होती. बाई एकेक मोजा सोडवत होत्या, मुकादम पसरट टोपल्या पुढे करत होता, आणि कासवं इतकी हळू, इतकी बेफिकीर चालायला लागली की हमाल हसायला लागले. धाकटीला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं, जिन्यावर पावलं वाजेपर्यंत.

ताई खाली आली होती. तिने टोपल्या पाहिल्या, बाई पाहिल्या, आणि धाकटीला दंडाला धरून भिंतीशी नेलं.

"हे कधी ठरलं?"

धाकटी टोपल्यांकडे पाहत राहिली.

"मला आधी सांगितलं नाहीस?" ताईचा आवाज फाटला. आणि खरं सांगायचं तर ते नाटक नव्हतं, तिला खरंच लागलं होतं. "इतके दिवस माझ्यासमोर बसून जेवत होतीस, आणि एका शब्दाने..."

"तू त्याला पट्टीचं सांगितलंस."

"मला वाटलं तो घाबरेल. थांबेल. कुणाचंच नुकसान व्हायचं नाही." ताईने मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला. "मग तो म्हणाला, काटा कसा ओळखतो तेवढं कळू दे, नाहीतर माल दुसऱ्या कंपनीकडे नेतो. मी काय करणार होते? घर कुणी चालवलं? तुला इथे कुणी आणलं?"

"म्हणून मला सभेत उभं केलंस."

"तो बिल्ला कुणी मिळवून दिला असं वाटतं तुला?" ताई रागात बोलून गेली. "ते फलक लागले तेव्हाच शेठने विचारलं होतं, या कामावर कोण बसणार म्हणून. साहेबांनी विचारलं तेव्हा मीच तुझं नाव सुचवलं. म्हटलं, माझी बहीण घ्या. तिला काहीही दिसलं तरी ती आधी मलाच सांगते."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. पट्टी दिसायच्याही आधीपासून, जिन्यात बिल्ला सरळ केला तेव्हापासून. धाकटीला वाटत होतं, ताई मोहात पडली, घाबरली, अडकली, माणूस अडकतं. तेवढं तिने मनातल्या मनात माफही करत आणलं होतं. पण तिचा विश्वास हा मधे आलेला अडथळा नव्हताच. त्याच्याच भरवशावर सगळं बांधलं होतं. जगात तिला मोलाचं असं जे एकच होतं, ते ताईने हेरलं होतं आणि कामाला लावलं होतं.

"धाकटे," ताई म्हणाली. एवढंच. तिचा हात अजून धाकटीच्या दंडावर होता.

वनखात्याच्या बाई हात पुसत जवळ आल्या. त्यांच्यामागे जबाब लिहून घेणारा माणूस. "एकच गोष्ट राहिली," त्या म्हणाल्या. "बर्फाचं त्याला कुठून कळलं ते आम्हाला माहीत आहे, आम्ही सगळेच तिथे होतो. पण पट्टी खटकते हे त्याला आधीच समजलं होतं. आतून कुणी खबर देत होतं का?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. धाकटी लहान असताना, वडील गेले त्या दिवशी, दारात लोक जमले होते तेव्हा ताईने असंच पाहिलं होतं. काही बोलू नकोस, मी आहे.

"हो," धाकटी म्हणाली. "मी देत होते."

लिहिणारा थांबला. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही? शेठला?"

"शेठला नाही. इथे जे काही दिसायचं ते मी रोज सांगायचे. पुढे ते त्याच्याकडे जायचं."

"सांगायचात कुणाला? ग्राहक विभागाला? तो तर कंपनीचा नियमच आहे."

"विभागाला नाही हो," धाकटी म्हणाली, आणि दंडावरचा हात तिने स्वतःच्या हाताने सोडवला. "ताईला सांगायचे."